मुठीतला प्रवासी

पक्ष्यांच्या पायात ॲल्युमिनियमचे कडे घालून त्यांना पुन्हा आकाशात सोडून देणे हा माझा अर्ध्याअधिक आयुष्याचा व्यवसाय होता असे सांगितले, म्हणजे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पहाटेची स्वच्छ हवा, गळ्यातील दुर्बीण आणि कोणाच्याही ताबेदारीत नसलेला एक भटका मनुष्य, असे काहीसे रम्य चित्र उभे राहते. वस्तुस्थिती निराळी आहे. ते काम मुख्यतः मोजमापाचे आणि दप्तराचे; काट्यावरचे वजन, पट्टीवरची पंखाची लांबी, पिसांची झीज, कड्याचा क्रमांक, तारीख आणि वेळ यांची बिनचूक नोंद, तीही पुष्कळदा कंदिलाच्या उजेडात, चिखलाने ओल्या झालेल्या बोटांनी आणि शेजारी टांगलेल्या पिशव्यांतून आणखी पक्षी आपल्या पाळीची वाट पाहत असताना करावयाची. परंतु याच रुक्ष कारकुनीने मला पक्ष्याचे जे दर्शन घडवले, ते नुसत्या दुर्बिणीने कधीच घडले नसते. आकाशात जो आपणास स्वच्छंदाची मूर्ती वाटतो, तो हातात आला म्हणजे एकेका ग्रॅमचा जमाखर्च सांभाळणारा आणि ऋतूऋतूला स्वतःचे शरीरच नव्याने रचणारा एक अत्यंत शिस्तबद्ध जीव असल्याचे प्रत्ययास येते, आणि आदर वाटावा असे काही त्याच्यात असेल तर ते या शिस्तीतच आहे, असे माझे मत या नोकरीत हळूहळू बनत गेले.

हा उद्योग तसा फार जुना नाही. डेन्मार्कमधील व्हिबोर्ग या गावी हान्स ख्रिश्चन मॉर्टेनसेन नावाच्या शिक्षकाने १८९९ साली स्टार्लिंग जातीच्या, म्हणजे आपल्या मैनेच्या कुळातील, पक्ष्यांच्या पायांत क्रमांक आणि पत्ता कोरलेली ॲल्युमिनियमची कडी अडकवली, आणि तेथून पक्ष्यांच्या स्थलांतराचा शोध कल्पनेच्या प्रांतातून निघून पुराव्याच्या प्रांतात आला. आपल्याकडे ही जबाबदारी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने उचलली. १८८३ साली मुंबईत ही संस्था स्थापन करणाऱ्या मंडळींत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी वैद्यही होते, ही गोष्ट आपल्या लोकांना सहसा ठाऊक नसते. मोठ्या प्रमाणावरील कामाला मात्र निमित्त घडले ते एका रोगाचे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली, पाठोपाठ माणसांना ताप येऊ लागला, आणि त्या तापाचा विषाणू रशियातील एका गोचिडजन्य रोगाच्या विषाणूशी मिळताजुळता निघाल्यामुळे, उत्तरेकडून येणारे पक्षी आपल्या अंगावरील गोचिडांतून तो घेऊन येत असावेत, असा संशय उत्पन्न झाला. जागतिक आरोग्य संघटनेने साह्य देऊ केले आणि सालिम अली यांच्या देखरेखीखाली पक्षी धरून, त्यांच्या अंगावरचे गोचीड वेचून, पायात कडे घालून सोडण्याची मोहीम निघाली. पक्ष्यांवरील तो आरोप पुढे शाबीत झाला नाही. परंतु त्याच्या चौकशीसाठी उभी राहिलेली शिबिरे, माणसे आणि नोंदवह्या मात्र विज्ञानाच्या पदरात कायमच्या पडल्या. मी या कामात शिरलो तो बराच नंतर, राजस्थानातील भरतपूर आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील कोडियक्करै येथील शिबिरांत.

कोडियक्करै, ज्याला इंग्रज पॉइंट कॅलिमर म्हणत, ते स्थळ नकाशावर पाहावे म्हणजे त्याचे महत्त्व एका दृष्टिक्षेपात कळते. पूर्व किनारा दक्षिणेकडे उतरत असताना येथे एकदम काटकोनात पश्चिमेकडे वळतो. एका अंगाला बंगालचा उपसागर, दुसऱ्या अंगाला पाल्कची सामुद्रधुनी, आणि मध्ये मैलोगणती पसरलेली वेदारण्यमची उथळ दलदल व मिठागरे. हजारो मैलांवरून दक्षिणेकडे येणाऱ्या पाणथळीच्या पक्ष्यांना येथे अन्न मिळते, आणि ईशान्य मोसमी पाऊस ऐन भरात आला की सगळा प्रदेश पाणी आणि पंख यांनी भरून जातो. अंधाऱ्या रात्री आम्ही उथळ पाण्यात नायलॉनची अत्यंत बारीक धाग्याची उभी जाळी लावत असू. या जाळ्याला आडवे खण असतात; उडत आलेला पक्षी त्यावर आपटून खालच्या खणातील झोळात अलगद पडतो आणि तेथेच पडून राहतो. ठरावीक वेळाने फेरी मारून त्याला सोडवून आणावयाचे, पायांकडून सुरुवात करून, कारण तो ज्या बाजूने शिरला त्याच बाजूने बाहेर निघतो. ही बाजू अंधारात बोटांनी ओळखणे हे या कामातील पहिले शिक्षण.

ते शिक्षण मला पुस्तकातून मिळाले नाही. संस्थेच्या शिबिरांतून बिहारकडील मीरशिकार जमातीची माणसे कामाला असत. पिढ्यान्‌पिढ्या पक्षी धरणे हाच त्यांचा पेशा, आणि ज्या हिकमती एके काळी नबाबांच्या मुदपाकखान्यासाठी आणि बाजारातील पिंजऱ्यांसाठी वापरल्या गेल्या, त्याच त्यांनी आता विज्ञानाच्या चाकरीला लावल्या होत्या. ज्या वृद्ध मीरशिकारांच्या हाताखाली मी शिकलो, त्यांना आम्ही सर्व जण चाचा म्हणत असू. चाचा कमरेत वाकून दलदलीच्या कडेने अशा संथपणे चालत की, चरत असलेला टिलव्यांचा थवा न उडता, चारा टिपत टिपतच, दोन पावले, पुन्हा दोन पावले असा जाळ्याच्या दिशेने सरकत जाई. माझी घाई पाहून त्यांनी एकदा त्यांच्या हिंदीत मला जे समजावले त्याचा आशय असा होता : “पाखराला हाकलायचं नाही, बाबू. त्याला वाटलं पाहिजे की, मी माझ्या मर्जीनं चाललोय.” पक्ष्याच्या मानेची हालचाल, एका पायावरून दुसऱ्या पायावर जाणारा भार, पंख किंचित सैल होणे, यांवरून तो पुढल्या क्षणी उडणार की नाही हे चाचांना कळे, आणि हे ज्ञान मला प्राणिशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात आढळलेले नाही.

पक्षी धरावयाची एक ठरलेली रीत आहे. त्याची पाठ आपल्या तळहाताला लागलेली, मान तर्जनी आणि मध्यमा यांच्या बेचक्यात सैल अडकलेली, पंख मिटलेले, आणि छातीवर कसलाही दाब नाही. या शेवटच्या अटीविषयी चाचा फार कडक होते. छाती दाबली की पाखरू मरते, एवढेच ते सांगत. कारण मला पुढे वाचनातून कळले, आणि ते कळल्यानंतर प्रत्येक पक्षी हातात घेताना मन अधिक सावध होऊ लागले. आपल्या शरीरात छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल असते; त्याच्या हालचालीने फुप्फुसे फुगतात व आकसतात. पक्ष्याला असे श्वासपटल नाही. त्याची फुप्फुसे लहान, बरगड्यांना जखडलेली आणि जवळजवळ न फुगणारी. श्वास चालतो तो छातीचे हाड खालीवर झाल्याने, आणि हवा भरली जाते ती शरीरभर पसरलेल्या, बहुधा नऊ, पातळ पिशव्यांत, ज्यांचे फाटे कित्येक जातींत हाडांच्या पोकळीपर्यंत गेलेले असतात. आत घेतलेली हवा प्रथम मागच्या पिशव्यांत जाते, उच्छ्वासाच्या वेळी फुप्फुसांतून वाहते, पुढच्या श्वासाला समोरच्या पिशव्यांत येते आणि त्यानंतर बाहेर पडते. म्हणजे एका घोटभर हवेला आत येऊन बाहेर जाण्यास दोन श्वास लागतात. परंतु त्यामुळे फुप्फुसांतून ताजी हवा एकाच दिशेने, श्वास घेताना आणि सोडतानाही, अखंड वाहत राहते. आपल्या फुप्फुसांत जुन्या नव्या हवेची जी भेसळ सतत होत असते ती येथे होत नाही. अशी रचना असलेल्या प्राण्याच्या छातीवर अंगठ्याचा जराही भार पडला की त्याचा श्वासच थांबतो. चाचांचा हुकूम आणि शरीरशास्त्राचा सिद्धांत यांची अशी गाठ पडल्यावर मला त्या निरक्षर गुरूविषयी वाटणारा आदर दुणावला.

हीच श्वसनव्यवस्था पट्टकादंब नावाच्या हंसकुळातील पक्ष्याला हिमालय ओलांडण्यास उपयोगी पडते. मंगोलिया, तिबेट इकडे वीण करणारे हे पक्षी हिवाळ्यात आपल्या महाराष्ट्रातही येतात. उजनीच्या फुगवट्यावर, जायकवाडीच्या काठी, नांदूर मधमेश्वरला ते पाहावयास मिळतात, आणि डोक्यावरील दोन काळ्या पट्ट्यांमुळे चटकन ओळखू येतात. उपग्रहाला संदेश धाडणारी यंत्रे त्यांच्या पाठीवर बसवल्यावर, सात हजार मीटरांहून अधिक उंचीवर त्यांनी केलेल्या उड्डाणाची नोंद मिळाली आहे. त्यांच्या रक्तातील प्राणवायू वाहणारे द्रव्य इतर हंसांच्या मानाने प्राणवायूला अधिक घट्ट धरते, हेही सिद्ध झालेले आहे. परंतु मला विशेष वाटले ते त्यांच्या काटकसरीचे : एकदा उंची गाठली की ती धरून ठेवण्यापेक्षा, खालची जमीन जशी चढते उतरते तसे तेही चढत उतरत जातात, कारण दाट हवेत पंख मारणे कमी खर्चाचे पडते. पुन्हा चढण्याची तसदी पडली तरी एकूण हिशेबात ते फायद्याचेच ठरते.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे वजनाकडे येतो. कारण माझ्या मते आमच्या नोंदवहीतील सर्वांत बोलका रकाना तोच होता. पक्षी काट्याला लावण्यापूर्वी त्याला उताणा धरून गळ्याखालच्या पिसांवर हळूच फुंकर घालावयाची. पिसे दुभंगतात आणि खाली जे दिसते ते प्रथमच पाहणाऱ्याला चकित करते, कारण पक्ष्याची त्वचा इतकी पातळ आणि पारदर्शक असते की आतले मांस व चरबी स्पष्ट दिसावी. गळ्याच्या मुळाशी, दोन बाजूंची हाडे जुळून झालेल्या बेचक्यात, एक खळगा असतो. नुकत्याच आलेल्या प्रवाशाचा हा खळगा रिकामा असतो आणि आतून गडद लाल स्नायू दिसतात. मार्च-एप्रिलात परतीला निघालेल्या पक्ष्याचा तोच खळगा थिजलेल्या तुपासारख्या पिवळसर चरबीने काठोकाठ भरलेला, क्वचित वर फुगून आलेला असतो. छोटा टिलवा एरवी वीस-बावीस ग्रॅमचा, म्हणजे दोन तोळ्यांहूनही हलका. तोच निघण्याच्या सुमारास तीस ग्रॅमांच्या पलीकडे जातो. स्वतःच्या वजनाच्या निम्म्याइतका शिधा त्याने काही आठवड्यांत, मिठागरातील किडे आणि अळ्या टिपून, अंगावर चढवलेला असतो. चरबीच का, याचे उत्तरही तितकेच व्यवहारी आहे. एक ग्रॅम चरबीतून पिष्टमय पदार्थाच्या दुपटीहून अधिक शक्ती मिळते, ती साठवताना सोबत पाणी वाहून न्यावे लागत नाही, आणि ती जळताना जवळजवळ तिच्याच वजनाइतके पाणी शरीरात तयार होते. समुद्रावरून जाणाऱ्याला अन्न आणि पाणी असे दोन्ही एकाच गाठोड्यात मिळते.

हे समजल्यापासून हातातील पक्ष्याकडे पाहण्याची माझी दृष्टी पालटली. त्याच्या शरीराचे तापमान चाळीस-बेचाळीस अंश, हृदयाचे ठोके मोजता न येण्याइतके जलद. तो माझ्या मुठीत जितका वेळ आहे तितका वेळ त्याची शिदोरी विनाकारण खर्च होत आहे. कडे घालावयाचे, वजन, पंख, चोच, पिसे पाहावयाची, आणि त्याला दोन-तीन मिनिटांत मोकळे करावयाचे, हा आमच्या शिबिराचा शिरस्ता होता, आणि त्याची अंमलबजावणी मी पुढे माझ्या हाताखालच्या मुलांकडून सक्तीने करून घेतली. सुंदर पक्षी आला की मुलांना तो न्याहाळत बसावेसे वाटे. सौंदर्याचा मोह मलाही होता. पण पाहुण्याच्या शिदोरीतून आपले कौतुक भागवणे मला गैर वाटे, आणि अजूनही वाटते. पक्ष्यांवरील प्रेमाची पहिली खूण म्हणजे काम उरकण्याचा वेग, असे मी त्यांना सांगत असे.

चरबी चढवणे हा तयारीचा केवळ अर्धा भाग. दुसरा अर्धा भाग त्याहून विस्मयकारक आहे. शेपटीवर आडवे पट्टे असलेल्या गॉडविट नावाच्या पाणपक्ष्याची एक जात अलास्कातून निघते आणि प्रशांत महासागरावरून, कोठेही न उतरता, न्यूझीलंडपर्यंत जाते. २०२२ च्या ऑक्टोबरात अशाच एका पाच महिन्यांच्या पिलाने अलास्कातून निघून अकरा दिवसांत १३,५६० किलोमीटर अंतर एका दमात कापले आणि टास्मानिया गाठले. अलास्कात एका रात्री, प्रवासाला नुकतेच निघालेले काही गॉडविट रडारच्या घुमटावर आदळून मेले होते. त्यांचे शवविच्छेदन करणाऱ्या शास्त्रज्ञांनी १९९८ साली जो वृत्तांत प्रसिद्ध केला, तो मी कितीदा तरी वाचला आहे. त्या पक्ष्यांच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग चरबीचा होता. आणि त्याच वेळी त्यांची आतडी, पेषणी, यकृत, मूत्रपिंडे ही अत्यंत लहान झालेली होती. प्रवासात खावयाचे नाही, तेव्हा पचनाच्या साहित्याचा भार वाहून न्यावयाचा कशाला? निघण्यापूर्वी ते आटवून टाकावयाचे आणि मुक्कामाला पोहोचल्यावर पुन्हा वाढवावयाचे. ऑस्ट्रेलियातून चीनच्या किनाऱ्याला जाणाऱ्या दुसऱ्या एका टिलव्याच्या बाबतीत, प्रवासाच्या शेवटी मेंदू आणि फुप्फुसे सोडून सर्वच अवयव झिजलेले आढळले. जननेंद्रियांचेही असेच, विणीचा हंगाम सरला की ती आकसून नाममात्र उरतात, आणि नराच्या बाबतीत हंगामात त्यांचे आकारमान पुन्हा शेकडो पटींनी वाढते. बहुतेक जातींच्या माद्यांत तर दोन बीजाशयांपैकी डावे तेवढेच कामाचे असते. आपण शरीर ही एकदा मिळालेली आणि जपून वापरावयाची वस्तू समजतो. कोडियक्करैच्या चिखलात उभा राहून एका टिलव्याचे आगमनाचे आणि प्रस्थानाचे असे दोन वेळचे वजन शेजारी शेजारी लिहिताना मला वाटे की, हे दोन आकडे एकाच क्रमांकापुढे आहेत खरे, पण आत असलेले यंत्र तेच राहिलेले नाही.

माझे बालपण सोलापूर जिल्ह्यातील ज्वारीच्या मुलखात गेले. रब्बीचे पीक हुरड्यावर आले की शेतात माळे उभारावयाचे आणि पहाटेपासून गोफण फिरवीत भोरड्या हाकावयाच्या, हे काम आमच्यासारख्या पोरांकडे असे. भोरडी, जिला पुस्तकी लोक पळसमैना म्हणतात, हजारोंच्या थव्याने येई, आणि सारा थवा एका अंगावर वळला की उजाडलेल्या आभाळात क्षणभर सावली पडे. आमचे आबा तिला दरोडेखोर म्हणत, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने ते अवास्तव नव्हते. कित्येक वर्षांनी एप्रिलमधल्या एका सकाळी तीच भोरडी माझ्या हातात आली. हिवाळ्यातील भोरडी मळकट, करड्या किनारीची. वसंतात तीच गुलाबी अंगाची आणि चकचकीत काळ्या डोक्यापंखांची होते, तेव्हा तिने जुनी पिसे टाकून नवी धारण केली असावीत, असा कोणाचाही समज व्हावा. भिंगाखाली पिसाचे टोक पाहिले म्हणजे निराळीच गोष्ट दिसते. शरदात आलेल्या पिसांनाच फिक्या रंगाची किनार असते; चार-पाच महिन्यांच्या वाऱ्याने, उन्हाने आणि काट्याकुट्यांतल्या वावराने ती किनार झिजून जाते, आणि खालचा मूळचा गुलाबी व काळा रंग ऐन विणीच्या वेळी उघडा पडतो. नवे वस्त्र घेण्याचा खर्च वाचवून, जुन्याच वस्त्राच्या झिजेतून साज करण्याची ही योजना पाहून मी बराच वेळ विचार करीत राहिलो. अर्थात भोरडीला सोडून दिल्यानंतर. तोवर तिच्या गळ्याखालचा खळगाही भरलेला होता, कारण पळस, पांगारा आणि सावर यांच्या फुलांतील मध आणि रानातील किडे यांवर तिची तयारी पुरी होत आली होती. मे महिन्यात ही मध्य आशियाच्या गवताळ पठारांवर असेल, टोळांच्या पैदाशीवर स्वतःची पिले पोसत असेल. चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून हिच्या घरट्यांसाठी दगडांच्या राशी आणि विटांच्या भिंती मुद्दाम रचून दिल्या जातात. आबांचा दरोडेखोर तेथल्या शेतकऱ्याचा राखणदार आहे, हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “आपल्याकडं आली तवा उपाशी असंल ती.” माझ्या व्यवसायाचे सार त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळले, असे मला त्या वेळी वाटले.

भरतपूरच्या शिबिरात पहाटेच्या वेळी बदके पाण्याच्या काठी ओळीने विसावलेली असत. ओळीच्या मध्यभागी असलेल्या बदकाचे दोन्ही डोळे मिटलेले, आणि टोकाला असलेल्याचा बाहेरच्या बाजूचा डोळा मात्र पुष्कळदा उघडा. पक्षी मेंदूचा एक अर्धभाग झोपवून दुसरा जागा ठेवू शकतो, आणि कडेच्या पक्ष्याला हे अधिक करावे लागते, हे १९९९ साली प्रयोगाने दाखवले गेले. पण चाचांना ते मेंदूचे नाव न घेता ठाऊक होते, आणि ओळीकडे सरकताना ते नेहमी मधल्यांची बाजू धरीत.

कडी घालून सोडलेल्या पक्ष्यांपैकी किती जणांची खबर परत येते, असे मला हमखास विचारले जाते. बारीक पक्ष्यांच्या बाबतीत शेकड्याला एकाचीही येत नाही. जी येते ती पत्राने, कधी रशियातून, कधी कझाकस्तानातून. कोणा शिकाऱ्याने वा कोळ्याने कड्यावरचा मजकूर वाचून मुंबईच्या संस्थेला कळवलेली असते. मात्र दुसऱ्या प्रकारचा पुरावा आमच्या जाळ्यातच हाती लागे : आपणच पूर्वीच्या हिवाळ्यात घातलेले कडे त्याच दलदलीत, त्याच जाळ्याच्या आसपास पुन्हा समोर यावे. हिमालयात आणि त्यापलीकडे वीण करणारा करडा धोबी मुंबईतल्या त्याच एका हिरवळीवर दरसाल उतरत असल्याचे सालिम अलींनी नमूद केले आहे. पायातल्या कड्यावाचून ही गोष्ट खात्रीने सांगता आली नसती, कारण एका धोब्यासारखा दुसरा धोबी.

परंतु ज्या प्रश्नाने मला नोकरीभर आणि नोकरीनंतरही सोडले नाही, तो पिलांचा. वाकड्या चोचीचे टिलवे उत्तर सायबेरियाच्या टुंड्रात वीण करतात. नर तर अंडी घातली जाताच निघतो, माद्या त्यामागून, आणि पिले सर्वांच्या शेवटी. म्हणून ऑगस्टात कोडियक्करैला जे पहिले टिलवे जाळ्यात येत, त्यांच्या पोटावर विणीच्या विटकरी रंगाचे डाग अद्याप शिल्लक असत आणि पंखांची पिसे टोकांशी विरलेली असत, ते प्रौढ. पिले येत ती मागाहून. त्यांच्या पाठीवरील प्रत्येक पिसाला एकसारखी, न झिजलेली, फिकी किनार असे, कारण ती सर्व पिसे एकाच वेळी, दोन-तीन महिन्यांपूर्वीच उगवलेली. म्हणजे हे पिलू वाट दाखवणाऱ्या आईबापांवाचून, आधी कधीही न पाहिलेल्या प्रदेशावरून, आधी कधीही न पाहिलेल्या या दलदलीत येऊन पोहोचले होते. ॲक पर्डेक या डच शास्त्रज्ञाने हेगजवळ अकरा हजारांहून अधिक स्टार्लिंग धरले, कडी घालून विमानाने स्वित्झर्लंडला नेले आणि तेथून सोडले. १९५८ साली त्याने निष्कर्ष मांडला तो असा की, प्रौढ पक्ष्यांनी दिशा बदलून आपला नेहमीचा हिवाळी मुलूख, म्हणजे उत्तर फ्रान्स आणि दक्षिण इंग्लंड, गाठला; पिले मात्र हॉलंडहून ज्या दिशेने जावयाचे तीच दिशा धरून निघाली आणि फ्रान्सच्या दक्षिणेला व स्पेनमध्ये जाऊन पोहोचली. पिलाजवळ वारशाने आलेली दिशा आणि अंतराचा अंदाज असतो. ठिकाणाची ओळख त्याला स्वतः येऊन, राहून मिळवावी लागते.

ती दिशा ते कशावरून धरते, याचाही उलगडा बराचसा झाला आहे. सूर्याच्या स्थानावरून, हे गुस्ताफ क्रामर यांनी स्टार्लिंगवर दाखवले. ताऱ्यांवरून, हे स्टीफन एम्लेन यांनी तारांगणात ठेवलेल्या पक्ष्यांवर १९६७ साली सिद्ध केले, आणि पिलू लहानपणी आकाश ज्या बिंदूभोवती फिरते तो बिंदू पाहून शिकते, असेही त्यांच्या प्रयोगांतून निघाले. पृथ्वीच्या चुंबकत्वाची जाणीव पक्ष्याला होते, हे फ्रांकफुर्ट येथील वोल्फगांग विल्चको यांचे काम. ही जाणीव प्रकाशावर, विशेषतः निळ्या प्रकाशावर, अवलंबून असते, आणि तिचे मूळ डोळ्याच्या पडद्यातील एका प्रथिनात असावे, या तर्काला आज भक्कम पुष्टी मिळत आहे. रात्री कापडी पिशवीत ठेवलेला टिलवा हाताला लागे तेव्हा तो निवांत बसलेला असे. पण निघण्याच्या दिवसांत तोच पिशवीत सारखा फडफडत राही, आणि ती फडफड कोणत्या दिशेची आहे हे पाहण्याचा मोह मला होई. पिशवीतून ते कळणे अर्थातच शक्य नव्हते. त्याला प्रयोगशाळेतील पिंजरा लागतो.

आमच्या नोंदवहीत वयाचा जो रकाना होता, त्यात पिलाला पहिल्या हिवाळ्याची खूण घातली जाई. एप्रिलच्या अखेरीस प्रौढ टिलवे विटकरी रंग आणि चरबी चढवून एकामागून एक निघून जात, आणि जूनमध्ये, दलदल आटून तिच्यावर मिठाचा पापुद्रा धरलेला असताना, मागे थोडके टिलवे उरत. त्यांना धरले की बहुतेकांच्या पायात आम्हीच शरदात घातलेले कडे निघे आणि वहीत त्यांच्यापुढे तीच पहिल्या हिवाळ्याची खूण असे. पोटावर रंग चढलेला नाही, गळ्याखालचा खळगा रिकामा, पंखांची पिसे उन्हाने पार विटलेली. ती आजारी नव्हती. वजन नेहमीचेच भरे, पायांत जोर असे, नजर तल्लख. पहिल्या वर्षी उत्तरेला जाऊन उपयोग नाही, कारण वीण करण्याइतके वय झालेले नसते. म्हणून त्यांनी जाण्याचा खर्चच केलेला नसे. पुढील एप्रिलात त्यांपैकी एखादा क्रमांक पुन्हा जाळ्यात आला, म्हणजे मी प्रथम मागची पाने उलटून जूनचे वजन काढी आणि मगच पक्षी काट्याला लावी. काटा त्या आकड्याच्या बराच पुढे जाई.